बोलणारी वीट

सुरतेहून डिगंबरमामाने भाचीला खोकं पाठवलं.
दोनशे चौदा विटा, रंगीत, हलक्या,
आणि फोममध्ये रुतवलेल्या तीन निराळ्या.
एक पेटते. एक बोलते.
एक म्हणे शेजारी कोण येऊन बसलं ते ओळखते,
पण त्यासाठी तिला फोन लागतो, फोनला रेंज लागते,
आणि फेकरीत रेंज फक्त आमच्या गच्चीवर,
टाकीच्या उगवत्या अंगाला.
म्हणून ती अजून कोणालाच ओळखत नाही.

मी विटांमधला माणूस.
दीपनगरची राख उतरते आमच्या प्रेसवर,
गुलशेर तडवी दांडा ओढतो
आणि जुळ्यांसारख्या विटा बाहेर येतात, ओल्या, राखाडी.
एकवीस दिवस पाणी पाजतो त्यांना.
कोळसा जळतो, त्याची वीज होते, ती तारेवरून लांब जाते.
मागे उरते राख, तिची वीट होते, ती इथंच पडून असते.
एका चिमणीच्या दोन लेकी.
थोरली सासरी गेली ती गेलीच :
साडेसातला आमची लाईट जाते तेव्हाही
चिमणीच्या माथ्यावरचे लाल दिवे लुकलुकत असतात.
आणि आता दोघी एका खोक्यात, बोटभर जागेत,
किती वर्षांनी भेटलेल्या.
मला बरं वाटायला हवं होतं.

पहिल्या दिवशी कृपालीने काहीच बांधलं नाही.
दाबलं, टाळ्या.
दाबलं, बंबाची घंटा.
दाबलं, पुन्हा टाळ्या.
हेमलता आतून ओरडली, "काय करून राह्यली वं?"
आणि खरंच, ती काहीच करत नव्हती,
सगळं ती वीटच करत होती.

दुसऱ्या दिवशी मनोरा. डावीकडे कललेला.
मला दिसत होतं, मी बोललो नाही.
पडला.
हादऱ्याने त्या विटेच्या पोटात काहीतरी जागं झालं
आणि विखुरलेल्या तुकड्यांतून टाळ्या आल्या,
जोरात, न थांबता.
कृपाली आधी विटांकडे बघत होती, मग माझ्याकडे.
"पडल्यावर का वाजवतात, पप्पा?"

प्रेसवर हे गुलशेरला सांगितलं.
त्याने चट्ट्यातल्या दोन विटा उचलल्या,
एकीवर दुसरी ठोकली. खण्.
"ही बी बोलते ना."
मग तिसरी घेतली. भद्.
ती त्याने कुंपणाकडे भिरकावली
आणि तंबाखू मळत बसला.
निकाल माझ्या खिशात होता, समजा.
संध्याकाळी मामाला फोन लावून सांगायचंच ठरवलं :
पुढच्या खेपेला साध्या पाठव, बाबा, दुप्पट पाठव.

घरी आलो तर लाईट गेलेली.
दिवाणखान्यात अंधारात एक घर उभं,
नीट, ओळंब्यात, कोपरे जुळलेले.
आणि खाली, अगदी फरशीलगत,
दोन विटांच्या फटीतून
पिवळी, सुईएवढी रेघ.
पेटणारी वीट तिने तळाला घातली होती
आणि चहूबाजूंनी बुजवली होती.
वर काढ की, म्हटलं, खिडकीत लाव, दिसेल तरी.
"वरच्यांना उजेड असतो," ती म्हणाली,
"खालच्यांना कोण लावतं?"
मी आजवर किती पाये भरले, मोजले नाहीत.
कधी वाकून बघितलं नाही.

फोन राहिला.
बोलणारी वीट मात्र तिला नको झाली होती,
ती पलंगाखाली गेली, एका चपलेच्या शेजारी,
आणि आम्ही विसरलो.

रात्री दोनच्या सुमारास
राखेचा बल्कर रस्त्यावरून गेला, भरलेला.
भांडी किणकिणली, घर थोडं थरथरलं,
आणि पलंगाखालून टाळ्या.
मी उठून बसलो.
घर उभं होतं, तिचंही, माझंही.
टाळ्या चालूच.
अंधारात हात घालून चाचपडत राहिलो,
चप्पल लागली, भिंत लागली,
वीट सापडेना.